शिट्टी वाजवण्याआधी : ‘सिम्बा’, समीक्षक आणि आपली वस्ती

२५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा आम्हा मावळातल्या आंबेडकरी कार्यकर्त्यांच्या सर्वात धावपळीचा. २५ डिसेंबरला देहूरोड, कारण १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तोच मनुस्मृती दहनाचाही दिवस. मग १ जानेवारीला भीमा कोरेगाव. २०१८ साली या आठवड्याच्या मधोमध, २८ डिसेंबरला, रोहित शेट्टीचा ‘सिम्बा’ प्रदर्शित झाला. लोणावळा, कामशेत, वडगावची आमची पोरे लोकल धरून चिंचवडला गेली, पाहून आली आणि आठवडाभर त्याच्याबद्दलच बोलत राहिली. विजयस्तंभाला जाताना गाडीत भीमगीतांच्या मधे मधे ‘सिम्बा’ची गाणीही वाजली. आदल्या वर्षी भीमा कोरेगावला आपल्या लोकांवर दगड पडले होते. त्यानंतरच्या बंदनंतर अनेक वस्त्यांत पोलिसांची कोम्बिंग ऑपरेशन्स झाली होती. त्यामुळे २०१९ च्या त्या १ जानेवारीला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाकीच खाकी होती. बाहेर खरे पोलीस, आत मोबाईलमध्ये पडद्यावरचा पोलीस. तेव्हा आम्हालाही त्यात काही विसंगत वाटले नाही.

हे आत्ता लिहिण्याचे कारण आमचा रविवारचा अभ्यासवर्ग. हा चित्रपट टीव्हीवर सारखा लागतो, त्यावरून विषय निघाला. पोरे म्हणाली, “एक नंबर पिक्चर आहे.” नर्सिंगला असलेली एक मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, “दादा, केस उभी राहायला वर्षं जातात. तोवर ती मुलगी आणि तिचे आईबाप रोज मरतात. मग सिम्बाने ठोकले तर काय वाईट केले?” वर्गात टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांना त्या दिवशी आम्ही नीट उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर.

आधी चित्रपटाबद्दल कोण काय म्हणाले ते पाहू. प्रेक्षकांचा कौल स्वच्छ होता. देशात दोनशे कोटींहून अधिक गल्ला जमला. रणवीर सिंगची धमाल, मराठी वळणाची हिंदी, सिद्धार्थ जाधवची साथ, उडणाऱ्या गाड्या आणि शेवटी अजय देवगणचा सिंघम. पैसे वसूल. समीक्षकांत दोन तट पडले. पहिला तट म्हणाला, मसाला आहे, मसाल्यासारखा खा, डोके घरी ठेवून जा. दुसऱ्या तटाने आक्षेप घेतले : नायकाला सुधारण्यासाठी एका मुलीवर बलात्कार घडवून आणला आहे आणि कोठडीतल्या खुनाला न्याय म्हटले आहे.

दुसऱ्या तटाचे आक्षेप आम्हाला मान्य आहेत. पण आम्ही वाचलेल्या परीक्षणांत एक प्रश्न कुठेच दिसला नाही. पोलिसाच्या हातात न्यायनिवाडा दिला, तर या देशात तो आधी कोणाच्या अंगावर पडेल? कायद्याचे राज्य, स्त्रीची प्रतिमा, हिंसेचे उदात्तीकरण हे सगळे शब्द आले, पण जात आली नाही. ज्याला पोलीस ठाण्याची पायरी चढताना कधी आडनाव सांगावे लागले नाही, त्याला हा प्रश्न सुचणेही अवघड आहे. त्यावर आणखी एक कुजकट सूर होता : हा ‘मास’चा सिनेमा, शिट्ट्या मारणाऱ्यांचा. म्हणजे दोष पुन्हा आपल्याच पोरांचा.

तेव्हा आधी आपल्या पोरांची बाजू घेऊ. ती हसली ते अडाणी म्हणून नव्हे. चित्रपटाचा पूर्वार्ध आठवा. संग्राम भालेराव पोलीस होतो तो देशसेवेसाठी नव्हे. खाकी घातली की पैसा खाता येतो, हे त्याने लहानपणीच पाहिलेले असते. गोव्यातल्या मिरामार ठाण्यात येऊन तो दुर्वा रानडे नावाच्या गुंडाच्या सोयीने कारभार करतो, हप्ता घेतो, कायद्याची थट्टा करतो. ठाण्यातला प्रामाणिक हवालदार मोहिले त्याला सलाम ठोकायला तयार नसतो. हे पाहून वस्तीतला माणूस खो खो हसतो, कारण हे त्याच्या ओळखीचे आहे. हातगाडीवाल्याला, टपरीवाल्याला, पावसाळ्यात भुशी धरणाच्या वाटेवर भुट्टा विकणाऱ्याला खाकीचा हा चेहरा कोणी समजावून सांगावा लागत नाही. म्हणून आम्ही म्हणतो की ‘सिम्बा’चा विनोदी अर्धा भाग खरा आहे आणि गंभीर अर्धा भाग खोटा.

खोटा कसा? एका मुलीचा बळी जातो आणि भ्रष्ट फौजदार रातोरात न्यायाचा पुतळा बनतो. तिने त्याला भाऊ मानलेले असते, एवढे एकच कारण. तिने मानलेच नसते तर? म्हणजे न्याय मिळण्यासाठी पोलिसाच्या नात्यात असायला हवे! आपल्या मुली कोणत्या फौजदाराच्या नात्यात आहेत? पुढे तो आजूबाजूच्या बायकांना विचारतो, आरोपींचे काय करावे, आणि उत्तर येते की मारा. मग ठाण्यातच आरोपींना डिवचून अंगावर ओढवून घेतले जाते, गोळ्या घातल्या जातात आणि सगळे ठाणे मिळून स्वसंरक्षणाची गोष्ट रचते. चौकशी येते तीही सिंघमच्या हातात. ज्या खात्याने मारले, त्याच खात्याचा नायक तपासून क्लीन चिट देतो. पहिल्या अर्ध्या भागात खोटा कागद करणारा पोलीस खलनायकाच्या बाजूचा असतो, दुसऱ्या अर्ध्या भागात खोटा कागद करणारा तोच पोलीस नायक ठरतो. कागद मात्र दोन्ही वेळा खोटाच.

इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. ‘सिम्बा’ ज्याच्यावरून बेतला तो ‘टेम्पर’ हा २०१५ चा तेलुगू चित्रपट. त्यात नायक गुन्हेगारांना शिक्षा व्हावी म्हणून न्यायालयात उभा राहून स्वतःलाही आरोपी म्हणवून घेतो. तोही खोटेपणाच, पण त्याची किंमत नायक स्वतः मोजायला निघतो आणि शिक्षा न्यायाधीशाकडून येते. हिंदीत आणताना हीच गोष्ट बदलली गेली. न्यायालय काढले, कोठडीतली गोळी घातली. म्हणजे हा बदल नकळत झालेला नाही. गोळीवर टाळ्या जास्त पडतात हे कोणीतरी ओळखले होते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. वेळ लागतो, हे तिचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पण वेळ लागायला सुरुवात कुठे होते? न्यायालयात नाही, ठाण्याच्या टेबलावर. आम्ही एका कुटुंबाबरोबर अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार द्यायला गेलो होतो, तेव्हाचे सांगतो. ठाण्याचे नाव घेत नाही, कारण प्रश्न एका ठाण्याचा नाही. सकाळी अकराला गेलो. साहेब बंदोबस्तात आहेत. साहेब जेवायला गेलेत. साहेब आले, तर म्हणाले, गावातले प्रकरण आहे, बसून मिटवा. मग आडनाव विचारले. मग, “मुलगी त्याच्याशी बोलत होती का?” मग, “उद्या या.” तक्रार लिहून घेतली तेव्हा बाहेर अंधार पडला होता आणि त्या मुलीची आई बाकावरच झोपली होती. लिहिले गेले तेही अर्धे. जातीवरून दिलेल्या शिव्या कागदावर आल्याच नाहीत. त्यासाठी पुन्हा वरिष्ठांकडे लेखी अर्ज करावा लागला.

आमचे उत्तर एवढेच आहे. जो हात आपली तक्रार लिहीत नाही, त्याच हातात तू बंदूक द्यायला निघाली आहेस. सिनेमात तक्रार नोंदवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण पोलिसालाच राग आलेला असतो. आपल्या आयुष्यात तर सगळी लढाई तिथेच अडते.

हे फक्त आमच्या अनुभवाचे नाही. बदलापूर आठवा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शाळेतल्या चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. लोकांचा संताप इतका की २० ऑगस्टला त्यांनी रेल्वे रोखली. आणि २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्या ताब्यात, गोळी लागून मेला. लगेच गौरवाचे बॅनर लागले. नंतर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना त्या मृत्यूला जबाबदार धरले. तक्रार घ्यायला उशीर करणारे खाते आणि गोळीची घाई झालेले खाते एकच होते. खटला चालला असता तर शाळेत कोणी काय दडवले, कोणी दुर्लक्ष केले, हे साक्षीपुराव्यात सगळ्यांसमोर आले असते. आरोपीबरोबर तो खटलाही गेला.

आणखी मागे जाऊ. बलात्कार म्हटल्यावर पोलीस म्हणजे सूड घेणारा भाऊ, असे ‘सिम्बा’ सांगतो. आपल्या महाराष्ट्राचा इतिहास काय सांगतो? आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. आरोपी होते ठाण्यातलेच दोन पोलीस. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे १९८३ मध्ये कायदा बदलला आणि कोठडीतल्या बलात्काराची वेगळी नोंद कायद्याने घेतली. म्हणजे आपल्या लेकीबाळींना पोलिसांच्या बंदुकीने संरक्षण दिले नाही, पोलिसांवरही चालणाऱ्या कायद्याने दिले. तो कायदा लढून मिळवावा लागला.

आता आम्हा मावळातल्यांची कबुली. ‘सिंघम’ २२ जुलै २०११ रोजी प्रदर्शित झाला. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, आम्हीही शिट्ट्या वाजवल्या. अवघ्या अठरा दिवसांनी, ९ ऑगस्टला, क्रांतिदिनी, पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात मावळचे शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. एक स्त्री आणि दोन पुरुष असे तीन जण मारले गेले. पोलीस उभ्या गाड्या फोडत असल्याची दृश्ये वाहिन्यांवर साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. ते आंदोलन फक्त आपल्या समाजाचे नव्हते, पाणी ज्याचे जाणार त्या सगळ्या शेतकऱ्यांचे होते. सिनेमाने गोळीबार घडवला, असला बाष्कळ दावा आम्ही करत नाही. आम्हाला बोचते ते वेगळेच. जुलैमध्ये आम्ही कायदा झुगारणाऱ्या खाकीला टाळ्या दिल्या होत्या आणि ऑगस्टमध्ये आम्हाला खाकीकडून कायदा हवा होता. दोन्ही एकदम मागता येत नाही.

‘सिम्बा’नंतर वर्षही पुरे झाले नव्हते, तेव्हा हैदराबाद घडले. एका तरुण पशुवैद्य डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिला मारले, जाळले. चार आरोपी पकडले गेले आणि पहाटे चौघेही ‘चकमकीत’ मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. तारीख होती ६ डिसेंबर २०१९. होय, ६ डिसेंबर. आपली मुले चैत्यभूमीच्या रांगेत उभी राहून मोबाईलवर अभिनंदनाचे स्टेटस ठेवत होती. ज्याने संविधान लिहिले त्याला अभिवादन करायला गेलो आणि त्याच तासाला संविधान बाजूला ठेवणाऱ्यांना सलाम केला! पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. वि. स. सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये सांगितले की आरोपींना ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या घातल्या गेल्या, त्यातले तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. ते स्टेटस तोवर कधीच पुसले गेले होते.

नावांबद्दलही बोलले पाहिजे. ‘सिम्बा’चे आडनाव भालेराव. आपल्यातले काही जण हरखले, “बघा, आपला भालेराव हिरो!” भालेराव हे आडनाव अनेक जातींत आहे. आणि या भालेरावाला जात नाही, वस्ती नाही, आईबाप नाहीत. अनाथ केला की सगळे प्रश्न मिटतात. त्याचे आडनाव फक्त चवीपुरते मराठी आहे. याच निर्मात्याच्या पुढच्या पोलीस नायकाचे नाव सूर्यवंशी. २०२१ मध्ये तो पडद्यावर आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘सिंघम अगेन’मध्ये सिंघम, सिम्बा, सूर्यवंशी एकत्र आले.

त्यानंतर सहा आठवड्यांनी महाराष्ट्राने दुसरा सूर्यवंशी पाहिला. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर धरपकड झाली. त्यात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनात अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण निघाले. सरकार विधिमंडळात वेगळेच सांगत राहिले. त्याच्या आईने लढा सोडला नाही. अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर तिच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. मित्रांनो, पडद्यावरचा सूर्यवंशी मारतो तेव्हा टाळ्या पडतात. परभणीचा सूर्यवंशी कोठडीत मरतो तेव्हा त्याच्या आईला पोलिसांवर साधा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागते. या दोन सूर्यवंशींपैकी आपला कोणता, हे कोणी सांगायला हवे का?

काही मित्र म्हणतील, सिनेमा हा सिनेमा असतो, एवढे मनाला लावून घेऊ नका. मग मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी २०२३ मध्ये पोलिसांच्याच कार्यक्रमात ‘सिंघम’सारख्या सिनेमाचा संदेश घातक आहे, असे का सांगितले असेल? न्यायाधीश बुळे, कायदा आडकाठी आणि एकटा फौजदार न्याय देणारा, ही प्रतिमा लोकांच्या डोक्यात बसते, हा त्यांचा मुद्दा होता. आपल्याकडे तर हा इशारा त्याहून जुना आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांवर बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर घाव घातला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी पुन्हा बजावले की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते आणि संविधानिक मार्ग उपलब्ध असताना इतर मार्ग धरणे हे अराजक आहे. तो इशारा फक्त आंदोलकांना होता आणि गणवेशातल्यांना नव्हता, असे थोडेच आहे?

याचा अर्थ आम्ही हसण्याच्या विरोधात आहोत असा नाही. २०२३ मध्ये ‘घर बंदूक बिरयानी’ आला. आपला नागराज मंजुळे खाकी घालून मारामारी करताना दिसला. आपल्यातले काही नाराज झाले, ‘फॅन्ड्री’ करणाऱ्याने हे काय केले म्हणून. आम्हाला ती नाराजी पटली नाही. आपल्या कलावंताने फक्त आपले दुःखच विकत राहायचे आणि धमाल इतरांनी करायची, ही वाटणी कोणी ठरवली? त्याला मसाल्याचा पूर्ण हक्क आहे. फक्त मोजपट्टी त्यालाही तीच लागेल : बंदूक कोणाच्या हातात आहे आणि तिला जाब कोण विचारतो? २०२१ चा तमिळ ‘जय भीम’ पाहा. आपल्या पोरांनी त्यालाही शिट्ट्या वाजवल्या. तिथे टाळीचे वाक्य वकिलाचे आहे, कोठडीत मारलेल्या इरुळा आदिवासी माणसाच्या बायकोसाठी आणि न्यायालयात उभे राहून बोललेले. न्यायालयातली लढाई दाखवली की प्रेक्षक झोपतो, हा समज त्या सिनेमाने मोडीत काढला.

तेव्हा काय करायचे? सिनेमा पाहायचा, हसायचे, पण घरी येऊन तीन प्रश्न विचारायचे. मेलेला माणूस दोषी होता हे कोणी ठरवले? तो आपल्या वस्तीतला असता तर? आणि बंदुकीचा हिशेब कोणी मागितला? त्याबरोबर थोडा कायदा पाठ करायचा. अटक झाल्यापासून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे संविधानाच्या कलम २२ मध्ये आहे. अटकेची माहिती नातेवाइकाला दिली पाहिजे, हे १९९६ च्या डी. के. बसू निकालाने घालून दिले. चकमकीत माणूस मेला तर गुन्हा नोंदवून स्वतंत्र तपास झाला पाहिजे आणि घाईने शौर्यपदके देऊ नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, तेही महाराष्ट्राविरुद्धच्याच खटल्यात. आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ : कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणारा सरकारी नोकरही शिक्षेला पात्र आहे. हे कलम टेबलावर बोट ठेवून वाचून दाखवले की “उद्या या” म्हणणारा आवाज कसा खाली येतो, ते आम्ही पाहिले आहे.

त्या मुलीला शेवटचे सांगतो. तुझा राग खरा आहे, तो विझू देऊ नकोस. पण तो सिम्बाच्या पायाशी वाहू नकोस. पुढच्या वेळी कोणाची तक्रार लिहिली जात नसेल तेव्हा तू आमच्याबरोबर ठाण्यात ये. सकाळी अकरापासून रात्रीपर्यंत बसावे लागेल. तिथे शिट्टी वाजणार नाही, गाडी उडणार नाही. पण रात्री शिक्का मारलेली एफआयआरची प्रत त्या आईच्या हातात पडेल, तेव्हा कोठडीतल्या गोळीपेक्षा तो कागद किती मोठा आहे, हे तुला आम्ही सांगायची गरज उरणार नाही.

जय भीम! जय संविधान!